लॅपटॉपचा पंखा आणि लातूरची खोली

आज सकाळी शेजारच्या मुनाफभाईंच्या दारात छोटा हत्ती टेम्पो उभा होता. त्यात काय काय चढलं ते मी आमच्या ओट्यावरून पाहत होतो. दिवाण, गादीची वळकटी, दोन बर्नरची शेगडी, सिलिंडर, प्लॅस्टिकचा कूलर, घडीचं टेबल, पुस्तकांची खोकी, ज्वारीच्या पिठाचा डबा. सगळ्यात शेवटी शबानाभाभी आणि त्यांची मुलगी सानिया. आमच्या भागात हे सामान पाहिलं की कुणी काही विचारत नाही. दहावीचा निकाल लागतो, टक्के चांगले पडतात आणि पोरगी लातूरला जाते. अकरावी-बारावी तिथेच करायची आणि डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करायची. तिच्याबरोबर आई जाते, खोली घेऊन राहते, स्वयंपाक करते. बाप मागे राहतो, कारण त्याचा कामधंदा इथे असतो.

गाडी वळून जालन्याच्या रस्त्याला लागली. राजूरला चहाला थांबतील, मग पुढे. मुनाफभाई दारातच उभे राहून सामान बांधताना उरलेला दोरीचा तुकडा गुंडाळत होते. तुकडा हातभर होता. तेवढी दोरी गुंडाळायला तेवढा वेळ लागत नाही.

मी त्यांच्याशी काही बोललो नाही. तीन वर्षांपूर्वी अशीच गाडी माझ्या दारातून गेली होती, तेव्हा तेही माझ्याशी काही बोलले नव्हते. संध्याकाळी मात्र त्यांनी भिंतीवरून शेवग्याच्या शेंगा दिल्या होत्या. मी त्या घेतल्या आणि मग लक्षात आलं की शेंगांची भाजी मला करता येत नाही. त्या वाळून काठ्या होईपर्यंत ओट्याच्या कोपऱ्यात पडून होत्या.

ऊन चढलं तसा कपाटातून जुना लॅपटॉप काढला. त्याच्यावर हात ठेवला तर थंड होता. इतका थंड मी त्याला कधीच पाहिला नव्हता.

*

तो लॅपटॉप आमच्या वैष्णवीचा. शाळा घरातून भरायची तेव्हा जालन्यातून जुनाच घेतला होता. त्यावर विंडोज उघडायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात संगीताचा, म्हणजे माझ्या बायकोचा, चहा उकळून कपात यायचा. मग वैष्णवीनं कुठून तरी शिकून त्यावर लिनक्स टाकलं. यंत्र एकदम हलकं झालं. लातूरला जाताना तिनं तो माझ्याकडे ठेवला. “पप्पा, तुम्ही फक्त चालू करायचं. बाकी काही बिघडलं तर मला सांगा,” म्हणाली.

आमचा एक रिवाज पडला होता. दिवेलागणीला संगीता तिकडून व्हिडिओ कॉल लावायची आणि मोबाइल फळीवर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायची. मग आम्ही बोलायचो, असं नाही. कॉल नुसता चालू ठेवायचा. ती कणीक मळायची, वैष्णवी टेबलाशी पाठमोरी बसून वाचायची, आणि मी इथे भोकरदनला आमच्या बैठकीत लॅपटॉपसमोर बसायचो. माझ्या फोनवर ती खोली काडेपेटीएवढी दिसायची. लॅपटॉपवर मात्र पूर्ण दिसायची. दोरीवरचे कपडे, भिंतीवर चिकटवलेला आवर्त सारणीचा तक्ता, वैष्णवीच्या वेणीचं रबर. वही उलटल्याचा आवाज यायचा. शेजारच्या खोलीतली कुणी पोरगी पाठ करत असायची, तिचं गुणगुणणं यायचं.

त्या दोन खोल्यांच्या मध्ये भिंत नव्हती, प्लायवूडचं पार्टिशन होतं. पलीकडे अभ्यास, अलीकडे अभ्यास. म्हणून संगीता कुजबुजायची. “जेवले का?” हे कुजबुजत. “दोडके महाग झाले” हेही कुजबुजत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिचा तो आवाज मला ठाऊक नव्हता. इथे असताना ती गच्चीवरून गल्लीच्या टोकाच्या भाजीवाल्याला हाक मारून थांबवायची.

पहिलं वर्ष त्या कुजबुजीवर निघालं. दुसऱ्या वर्षी, परीक्षेच्या वर्षी, उन्हाळा लवकर आला.

*

मराठवाड्यातला उन्हाळा नव्यानं सांगावा असं काही नाही. पण एकट्या माणसाला तो वेगळा लागतो. घरात चार माणसं असली की ऊन वाटून घेतलं जातं. एकजण म्हणतो लई तापलं, दुसरा म्हणतो काल जास्त होतं, आणि तेवढ्यात थोडं कमी होतं. एकटा असलो की बोलायला कुणी नाही, म्हणून मी थर्मामीटर पाहायचो. बैठकीत दिवेलागणीला एक्केचाळीस. भिंतीला पाठ टेकली तर भिंत दिवसभराचं ऊन परत द्यायची.

आकडे पाहायची सवय कामातली. मी इथल्या एका धान्य गोदामाचं काम पाहतो. मक्याच्या पोत्यांची थप्पी बाहेरून हात लावला तर थंड लागते. आत काय चाललंय ते कळत नाही. लांब दांडीचा थर्मामीटर पोत्यांच्या फटीतून पोटात सारायचा, थोडा थांबू द्यायचा, ओढून झटकन वाचायचा. बाहेरच्यापेक्षा पाच-सहा अंश जास्त दिसलं की समजायचं, आत ओल आहे आणि दाणा तापतोय. मग थप्पी फोडायची, पोती सुटी करायची, वारा द्यायचा. उशीर झाला तर मका काळा पडतो आणि त्याला एक आंबूस वास येतो, जो मग कपड्यांतून निघत नाही.

एप्रिल लागला आणि त्या लॅपटॉपचा पंखा ओरडायला लागला. कॉल सुरू होऊन थोडा वेळ झाला की आधी बारीक शीळ, मग घरघर, मग असा आवाज की जणू आत काही उडायच्या बेतात आहे.

“आव, तुमच्याकडं काय चालू हे? चक्की?” संगीता कुजबुजली.

“लॅपटॉपचा पंखा आहे. तापतोय.”

“इथं लई मोठा येऊन राह्यला तो आवाज. पोरीचं ध्यान जाईल.”

मी माझ्याकडचा माइक बंद केला. दोन-तीन मिनिटांत तिनं पडद्याजवळ तोंड आणलं. “बंद नका करू. घर ऐकू येत न्हाई मंग.”

मला तोवर माहीत नव्हतं की तीही माझ्यासारखीच बसायची. मी तिकडची खोली ऐकायचो, ती इकडचं घर ऐकायची. आमच्या फाटकाची कडी, नळाला पाणी आलं की टाकीत पडणारी धार, दारच्या कडुलिंबावर झोपायला आलेल्या चिमण्यांची भांडणं. तिच्या भाड्याच्या खोलीच्या खिडकीतून समोरची दुसरी खिडकी दिसायची, बाकी काही नाही.

मग मी दुसरा उपाय केला. आजूबाजूचा गोंगाट गाळायची सोय त्या कॉलमध्ये असते, ती चालू केली. पंख्याचा आवाज गेला, पण त्याच्याबरोबर चिमण्याही गेल्या. “आज लिंबावर कोणी न्हाई का?” तिनं विचारलं. मी ती सोय बंद केली.

कॅमेरा बंद केला तर यंत्र कमी तापायचं. पण मग ती म्हणायची, “दिसत न्हाई तुम्ही.”

म्हणजे माणूस दिसला पाहिजे, घर ऐकू आलं पाहिजे आणि पंखा तेवढा गप्प राहिला पाहिजे. हिशेब एवढाच होता आणि तो मला सोडवायचा होता. वैष्णवीला विचारलं असतं तर तिनं अभ्यास सोडून सांगितलं असतं. म्हणून विचारलं नाही.

*

गोदामातून आल्यावर मी वाचायला बसायचो. लिनक्समध्ये काळी खिडकी उघडून ‘सेन्सर्स’ एवढा एक शब्द लिहिला की यंत्र आपल्या पोटातली उष्णता सांगतं. पहिल्यांदा ते आकडे समोर आले तेव्हा मला थप्पीतून थर्मामीटर ओढल्यासारखं वाटलं. नुसतं चालू ठेवलं तर अठ्ठावन्न. कॉल लावला की चढत चढत चौऱ्याऐंशी. शंभरला यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप बंद होतं, तेही तिथेच लिहिलेलं. त्याखाली पंख्याचे फेरे, मिनिटाला अठ्ठेचाळीसशे.

आधी लॅपटॉप मागून उघडला. पंख्याच्या तोंडाशी मक्याच्या भुशाचा नमद्यासारखा जाड थर बसला होता. माझ्याच कपड्यांवरून आलेला. तो दाताच्या ब्रशनं काढला. चार अंश उतरले.

मग कळलं की उष्णता बाहेर काढण्यापेक्षा ती कमी तयार करणं सोपं. प्रोसेसरच्या धावेला वरून मर्यादा घालता येते. तो हळू चालला तर कमी तापतो. ती मर्यादा घातली. माझ्याकडून जाणारं चित्र लहान केलं. “धुरकट दिसून राह्यले,” संगीता म्हणाली. मी म्हटलं, आता वय झालं. ती हसली, पण तोंडावर पदर धरून, आवाज न करता.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. मी हललो की यंत्राला काम पडतं. प्रत्येक हालचाल नव्यानं मोजून पाठवावी लागते. मी एका जागी बसलो तर एखादा अंश कमी राहतो. एक अंश म्हणजे फार नाही, पण मी सोडला नाही. पुतळ्यासारखा बसायला शिकलो. डोळे तेवढे खाली कोपऱ्यातल्या आकड्यावर.

राहिला पंखा. लॅपटॉपचा पंखा खरं तर आतली एक वेगळी चिप सांभाळते आणि ती आपलं ऐकत नाही. तिला बाजूला सारून पंखा हातात घ्यायचा तर लिनक्समध्ये त्यासाठी छोटा प्रोग्राम आहे, ‘फॅनकंट्रोल’ नावाचा. किती अंशांना पंखा सुरू व्हावा, किती अंशांना पूर्ण जोरात जावा, हे एका साध्या फाइलमध्ये आकड्यांनी लिहायचं. चुकलं तर यंत्र जळेल आणि जबाबदारी तुमची, असा इशारा जिथे वाचावं तिथे होता. सगळ्याच लॅपटॉपना हे चालत नाही. आमच्याला चाललं.

त्या फाइलमध्ये दोन आकडे शेजारी शेजारी असतात. थांबलेला पंखा हलवायला किती जोर द्यायचा, हा एक. आणि फिरता पंखा फिरता राहावा म्हणून कमीत कमी किती जोर लागतो, हा दुसरा. पहिला नेहमी दुसऱ्यापेक्षा मोठा. मी दोन्ही मोजून पाहिले, चांगलाच फरक होता. त्या वेळी फरक फक्त लिहून ठेवला. पुढे घरात तो वेगळ्या रीतीनं दिसला.

*

एक चूक मी अशी केली की जी आमच्याकडचाच माणूस करेल. उन्हाळ्यात गार ठेवायची प्रत्येक गोष्ट आम्ही माठाजवळ नेतो. कोथिंबीर, दूध, ताकाचं भांडं. माठाच्या तिवईभोवती ओलं पोतं असतं, खाली वाळू असते, तिथली हवा गार असते. कॉलच्या आधी मी लॅपटॉप नेऊन त्या पोत्यालगत ठेवायला लागलो. पंखा पूर्ण जोरात सोडायचा, गार हवा पोटात भरू द्यायची. पन्नाशीच्या खाली आला की उचलून बैठकीत आणायचा, पंखा बंद करायचा आणि कॉल घ्यायचा. गार झालेलं यंत्र तापायला वेळ लागतो. तेवढा वेळ शांतता. चौथ्या दिवशी लॅपटॉपच्या बुडाला हात लावला तर ओल. तिवईवरून पाणी झिरपत होतं. नशिबानं आत गेलं नव्हतं. मग मधे विटा ठेवल्या. मोबाइलही तापून बंद पडायचा, म्हणून तो फडक्यात गुंडाळून माठाच्या झाकणावर ठेवायला लागलो.

शांतता किती वेळ टिकायची ते मी घड्याळावर मोजत नव्हतो. तिकडे कुकर लागायचा आणि इकडे पंखा थांबलेला असायचा. पहिली शिट्टी, वरण. दुसरी. तिसरी झाली की संगीता गॅस बारीक करायची. त्यानंतर थोड्याच वेळात माझा आकडा पंच्याहत्तरला पोहोचायचा आणि पंखा सुरू व्हायचा. मी म्हणायचो, “ठेवतो आता.” ती मान हलवायची. वैष्णवी पाठमोरीच हात वर करायची. आमचा संसार त्या दिवसांत कुकरच्या तीन शिट्ट्यांएवढा होता.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. लॅपटॉपच्या पंख्यापेक्षा आमच्या कूलरचा आवाज मोठा. छताचा पंखाही कटकट वाजायचा. लॅपटॉपला गप्प करायचं आणि कूलर चालू ठेवायचा, याला अर्थ नव्हता. म्हणून कॉल असेपर्यंत मी दोन्ही बंद ठेवायचो. घाम मानेवरून पाठीत उतरायचा. हलायचं तर नाहीच. पडद्यावर त्यांना मी धुरकट आणि शांत दिसायचो.

*

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी बैठकीत त्रेचाळीस होतं. संगीता म्हणाली, “आज जरा जास्त वेळ ठेवा. तिला बरं वाटतं.”

मी फाइलमधला आकडा वर सरकवला. पंच्याहत्तरऐवजी नव्वदपर्यंत पंखा सुरूच होऊ नये असं केलं. एक दिवस चालेल, असं वाटलं. तिसरी शिट्टी झाली. गॅस बंद झाला. वैष्णवी पुस्तक मिटून नुसती बसली होती, टेबलावर हात पसरून, हातावर डोकं. मी पाहत होतो. शहाऐंशी. अठ्ठ्याऐंशी. चिमण्या गप्प झाल्या होत्या. नव्वदला पंखा सुरू व्हायला हवा होता. तो झाला नाही. इतक्या उष्णतेत थांबून राहिलेला पंखा, आणि हलवायला जो जोर लिहिला होता तो त्या दिवशी पुरला नाही. आकडा शंभराला भिडला, मी कळफलकाकडे हात नेला आणि पडदा काळा झाला.

माझ्या लेखी झालं ते एवढंच. मी लॅपटॉप उचलून स्वयंपाकघरात नेला, विटांवर ठेवला, धान्य पाखडायचं सूप घेतलं आणि वारा घालायला लागलो. लवकर गार झाला तर लवकर लागेल.

त्यांच्या लेखी काय झालं, ते मला नंतर कळलं. त्यांना पडद्यावर मी दिसत होतो, मान खाली, तोंड थोडं उघडं, घामानं चमकणारा. मग चित्र गोठलं. मग मी गेलो. त्यांनी फोन लावला, मी उचलला नाही. पुन्हा लावला. फोन माठावर फडक्यात होता, नुसता थरथरत, आणि माझं सगळं लक्ष सुपाकडे.

फाटकाची कडी वाजली नाही, म्हणजे मुनाफभाई ते उडी मारून आले. शिलाईच्या दुकानातून तसेच आले होते, गळ्यात टेप. एका हातात ओला टॉवेल, दुसऱ्या हातात बुक्कीनं फोडलेला कांदा.

“किशोरभाऊ! ठीक हे ना? बोला, कुछ तर बोला!”

“मला काय झालंय?”

“पहिले हुंगा, मंग बोला.” त्यांनी कांदा माझ्या नाकाला लावला आणि टॉवेल डोक्यावर टाकला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यांना आणखी वाईट लक्षण वाटलं. “बसा, खाली बसा बिलकुल. भाभीचा फोन आल्ता. म्हनली, मान खाली पडली, हलून न्हाई राह्यले.”

“अहो, मी मुद्दाम हलत नव्हतो.”

“मुद्दाम?” त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. “कूलर बंद. पंखा बंद. अन् हे सूप घेऊन कोणाला वारा घालून राह्यले?”

“लॅपटॉपला.”

त्यांनी टॉवेल माझ्या डोक्यावर नीट दाबला. मग खाली वाकून विटांवरच्या लॅपटॉपकडे पाहिलं, मग माझ्या बनियनकडे, जो पिळला असता तर पाणी निघालं असतं.

“मशीनीचं टेंपरेचर बराबर पाहून राह्यले,” ते म्हणाले. “तुमचं कोण पाहून राह्यलं, भाऊ?”

त्यांनी स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. तो चालूच होता. पलीकडून संगीता रडत होती. पण पलीकडच्या खोलीत दुसऱ्या पोरीची उद्या परीक्षा होती, म्हणून ती कुजबुजतच रडत होती. माणूस कुजबुजत रडतो तेव्हा कसा आवाज येतो, ते मी लिहू शकणार नाही. आधी मला ते ओळखूच आलं नाही. वाटलं, लाइन खराब आहे.

“मी बरा आहे,” मी म्हटलं. “यंत्र तापलं होतं.”

मग वैष्णवीनं फोन घेतला. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिला जे व्हायला नको होतं ते झालं होतं, आणि ते माझ्यामुळे झालं होतं. मी सगळं खरं सांगितलं. पंख्याचं, फाइलचं, कूलरचं. ती ऐकत राहिली.

“तो आवाज तुम्ही बंद केल्ता?”

“तुझं लक्ष जातं म्हणून.”

“मम्मीला वाटलं तसं. मला कोणी विचारलं का?” ती म्हणाली. “मी पाठमोरी बसते, पप्पा. मला पडदा दिसतच न्हाई. तो घर्रर्र आला की कळायचं, तुम्ही बसलेले हे. बंद झाल्यापासून दर दोन पानाला मागं वळून पाहते मी.”

मुनाफभाईंनी तोवर कूलर चालू केला होता. त्याचा आवाज घरभर भरला. मी सूप खाली ठेवलं. फाइलमधले सगळे आकडे काढून पंखा पुन्हा त्या आतल्या चिपच्या ताब्यात दिला आणि कॉल लावला. पंखा लगेच ओरडायला लागला. तिकडे वैष्णवीनं पुस्तक उघडलं. थोड्या वेळानं पार्टिशनवर पलीकडच्या पोरीनं टकटक केली, आवाज कमी करा अशी. संगीता उठली, पार्टिशनजवळ गेली आणि तिनं इकडून तशीच टकटक केली. मग येऊन बसली. मुनाफभाई दाराच्या चौकटीत उभं राहून उरलेला कांदा खात होते.

*

वैष्णवीला एमबीबीएस मिळालं नाही. आयुर्वेदाला नंबर लागला, लांब सांगलीकडे. ती हॉस्टेलवर आहे. फोन करते, रविवारी जास्त वेळ. तिला आता घराचा आवाज लागत नाही, आणि तसंच असावं.

संगीता परत आली. सामान उतरलं, पिठाचा डबा जागेवर गेला, दोन ताटं झाली. मला वाटलं होतं, आता घर पहिल्यासारखं होईल. पण ती कुजबुजतच राहिली. दोन वर्षांत घसा तसा बसला म्हणा, मन तसं बसलं म्हणा. स्वयंपाकघरातून काही म्हणायची, मला बैठकीत ऐकू यायचं नाही. मी “काय?” म्हणायचो, तर ती म्हणायची, “काही न्हाई.” भाजीवाला गल्लीच्या टोकाशी यायचा आणि निघून जायचा. ती दारात उभी राहून पाहायची. आणि मी, इतका वेळ न हलता बसायची सवय लागलेला, दिवेलागणीला बैठकीत तसाच बसलेला असायचो. एकाच घरात दोघं, आणि मधे साखरेच्या डब्याला टेकवलेला मोबाइलही नाही. एकटं असतानाच्या एकटेपणाला निदान तीन शिट्ट्यांचा धरबंध होता.

थांबलेल्याला हलवायला किती जोर लागतो, हा आकडा मला त्या फाइलमध्ये मोजता आला होता. इथे कुठे मोजायचा, ते कळत नव्हतं.

*

आज दिवस कलला तसे मुनाफभाई भिंतीशी आले.

“किशोरभाऊ, शबाना म्हनून राह्यली, रोज फोन चालूच ठेवू. तुमच्यावानी. माझ्या फोनवर बारीक दिसते सगळं.”

मी म्हटलं, “लॅपटॉप काढून ठेवलाय. घेऊन जा. फक्त तो आवाज करतो.”

“करू द्या,” ते म्हणाले.

चार्जरला लावून मी तो आमच्याच बैठकीत चालू केला. वर्षभराचं साचलेलं अपडेट सुरू झालं. बैठकीत चाळीस होतं. अंश चढले. आधी शीळ, मग घरघर, मग तोच जुना उडायच्या बेतातला आवाज. मी इतक्या दिवसांनी ऐकत बसलो. लातूरची ती खोली, दोरीवरचे कपडे, वेणीचं रबर, सगळं त्या आवाजात होतं.

स्वयंपाकघरातून संगीता काही तरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही.

“काय?” मी म्हटलं.

ती पुन्हा म्हणाली. पंख्यानं ते खाऊन टाकलं. माझा हात कळफलकाकडे गेला होता. दोन शब्द लिहिले असते तर पंखा गप्प झाला असता. अजून ते मला तोंडपाठ आहेत.

मी हात मागे घेतला.

“आव!” मांडणीवरची भांडी खणखणावीत तसा तो आवाज आला. “बहिरे झाले का? मुनाफभाईला म्हणा, आज चूल पेटवू नका, इकडंच जेवायला या! किती भाकरी टाकू तेवढं विचारा!”

भिंतीच्या पलीकडून, मी निरोप द्यायच्या आत, मुनाफभाई ओरडले, “सुनलो, भाभी! तीन!”

“तीननं काय होतं? चार टाकते!” संगीता तितक्याच मोठ्यानं म्हणाली, आणि लिंबावरच्या चिमण्या एकदम उडाल्या.